नावेतून काशी

वऱ्हाडातील मुलाची आणि नावेची ओळख बहुधा पुस्तकातच होते. आमची पूर्णा सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाते आणि चांगदेवाजवळ तापीला मिळते. पावसाळ्यात ती दोन्ही थड्या भरून गढूळ पाण्याने धावते. तेव्हा तिच्यात नाव घालण्याची कोणाची छाती होत नाही. उन्हाळ्यात ती डोहांपुरती उरते. तेव्हा नावेची गरजच राहत नाही, माणसे धोतर खोचून पलीकडे जातात. शिवाय तिच्या दोन्ही अंगांना आमचा खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे विहिरीला पाणी लागले, तरी ते खारट निघते. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला, गोड्या पाण्याने भरलेली आणि उन्हाळ्यातही नावा वाहून नेणारी नदी असते, हे सांगून खरे वाटत नाही.

आमच्या दर्यापूरकडील घरी देवघरात तांब्याचा एक लहानसा गडू असे. त्याचे तोंड झाळून बंद केलेले होते. पणजोबांनी तो काशीहून आणला होता. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोचला आणि १८७० साली जबलपूरवरून अलाहाबादशी त्याची जोड झाली. तेव्हापासून वऱ्हाडातील यात्रेकरूला काही दिवसांत गंगेवर जाऊन येता येऊ लागले. त्यापूर्वी हीच वाट पायी तुडवावी लागे. काशीहून परतलेल्या माणसाच्या घरी मावंदे होई, गंगेची पूजा होई, आणि मग तो गडू देवघरात जाऊन बसे. घरातील कोणा वडीलधाऱ्या माणसाची अखेरची घटका आली, म्हणजे झाळ फोडून त्यातील दोन थेंब मुखी घालावयाचे, एवढेच त्याचे काम. आमच्या आजीच्या वेळी तो गडू फोडला गेला. त्यानंतर देवघरातील त्याची जागा रिकामीच होती. माझे वडील तलाठ्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन वीस वर्षे झाली होती. एका हिवाळ्यात ते एकाएकी म्हणाले, "आता एकदा काशीला जाऊन आले पाहिजे." कशासाठी, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

अडचण एकच होती. वडिलांचे गुडघे कामातून गेले होते. काशी हे तर पायऱ्यांचे शहर. गल्ल्या अरुंद, त्यांत गाईगुरे आणि माणसांची दाटी, आणि प्रत्येक गल्ली शेवटी घाटाच्या उतरणीवर येऊन थांबणारी. वैद्यांनी बजावून ठेवले होते की, दिवसातून एखादी चढण फार झाली. तेव्हा सारी काशी पाहावयाची कशी, हा प्रश्न पडला. त्याचे उत्तर मात्र गंगेनेच शेकडो वर्षांपूर्वी देऊन ठेवलेले आहे. काशी नावेतून पाहावी.

नदीवर वसलेले मोठे शहर नावेतून पाहण्याची सोय आज जगात अनेक ठिकाणी आहे. पॅरिस शहरात सीन नदीवर काही नावा ठरलेल्या धक्क्यांवरून दिवसभर फिरत असतात. प्रवाशाने एकदा तिकीट काढले की, वाटेल त्या धक्क्यावर उतरावे, आयफेल मनोरा किंवा लूव्ह्र येथील संग्रहालय पाहावे आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या नावेत पुन्हा चढावे. बँकॉक शहरात चाओ फ्राया नदीवरही अशीच व्यवस्था आहे. परदेशात जाऊन आलेले लोक या सोयीचे मोठे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु काशीला जाणाऱ्या यात्रेकरूला त्यात नवीन असे काही वाटणार नाही. पंचतीर्थीची यात्रा म्हणजे दुसरे काय आहे? नावेत बसावे, पहिल्या तीर्थावर उतरून स्नान करावे, पुन्हा नावेत बसावे, दुसऱ्या तीर्थावर उतरावे. अशी पाच तीर्थे. अस्सी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा आणि मणिकर्णिका ही ती पाच होत. तिकीट नाही आणि वेळापत्रक नाही, एवढाच काय तो फरक. नावाडी यात्रेकरूंसाठी थांबून राहतो.

पंचतीर्थीच्या या क्रमात एक गंमत आहे. काशीपाशी गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. अस्सी हा दक्षिणेचा शेवटचा घाट, तर वरुणा नदीच्या संगमावरील आदिकेशव हा उत्तरेचा. नाव अस्सीवरून निघून प्रवाहाबरोबर खाली येते आणि दशाश्वमेधाला थांबते. तेथून पुढे मणिकर्णिका आणि पंचगंगा ही दोन्ही तीर्थे वाटेतच लागतात. पण तेथे न उतरता ती थेट आदिकेशवापर्यंत जाते. मग प्रवाहाविरुद्ध मागे येऊन पंचगंगेला उतरावयाचे आणि शेवटी मणिकर्णिकेला. म्हणजे जे तीर्थ शेवटचे, ते यात्रेकरू आधी एकदा दुरून पाहून पुढे जातो.

आम्ही पहाटेच अस्सी घाटावर गेलो. अंधार पुरता सरला नव्हता आणि पाण्यावर धुके होते. पाच-सहा माणसांना पुरेल अशी एक लहान लाकडी नाव आम्ही ठरविली. नावाडी निषाद समाजाचा, पन्नाशीचा गृहस्थ होता. त्याचे वडील आणि आजोबा याच पाण्यावर वल्ही मारीत आले होते. नावेला सीएनजीवर चालणारे यंत्र होते. पूर्वी या नावांना डिझेलची यंत्रे असत. त्यांच्या धुराने आणि धडधडीने नदीकाठ नकोसा होई. गेल्या काही वर्षांत ती बदलली गेली आहेत आणि राजघाटाजवळ नावांना गॅस भरून देणारे केंद्रही पाण्यावर उभे आहे. आमचा नावाडी मात्र जाताना यंत्र सुरूच करीना. खाली जाण्याचे काम गंगाच करते, तिला मजुरी द्यावी लागत नाही, असे तो हसून म्हणाला. वल्हे केवळ नाव सरळ ठेवण्यापुरते पाण्यात पडत होते.

काशीचे सारे घाट गंगेच्या पश्चिम तीरावर आहेत. पूर्वेच्या तीरावर शहर नाही. तेथे वाळूचे विस्तीर्ण मैदान आहे. असे का झाले, हे नावेतून पाहताना चांगले ध्यानात येते. या ठिकाणी नदीला धनुष्यासारखे वळण आहे. वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर असतो. तेथे पाणी खोल राहते आणि काठ कापला जातो. आतल्या काठावर पाणी मंदावते आणि आपल्याबरोबर आणलेली वाळू तेथे टाकून देते. एरवी बाहेरचा काठ खचत खचत मागे सरला असता. पण काशीचा हा काठ चुनखडीच्या कंकराने घट्ट झालेल्या उंच दांड्याचा आहे. म्हणून नदी त्याला खणून काढू शकत नाही, आणि त्याच्या उंचीमुळे शहरही पुरापासून बरेचसे सुरक्षित राहते. समोर वाळवंट असल्याने सूर्य उगवताच त्याचा पहिला किरण आडकाठीवाचून थेट घाटांवर पडतो. धुके विरले आणि पिवळसर दगडाची ती सात किलोमीटरांची रांग एकाएकी उजळून निघाली, तेव्हा नावेतील आम्ही दोघेही बोलावयाचे विसरलो. शहर पाहण्यासाठी शहराच्या बाहेर यावे लागते, ही गोष्ट मला त्या वेळी पटली. गल्लीतून चालणाऱ्याला काशीचे एक-एक दारच दिसते.

पायऱ्यांचाही एक हिशेब आहे. बंदरात जसा सपाट धक्का असतो, तसा येथे बांधला असता तर तो वर्षातून फार तर महिनाभर उपयोगी पडला असता. कारण गंगेची पातळी स्थिर नसते. काशी येथे धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६ मीटर धरली आहे. १९७८ सालच्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. उन्हाळ्यात हेच पाणी धोक्याच्या पातळीहून दहा मीटरांहून अधिक खाली जाते. एवढ्या चढउताराला एकच उपाय, तो म्हणजे पायरी. पाणी कोठेही असो, स्नान करणाऱ्याला आणि नावेतून उतरणाऱ्याला पाण्याच्या कडेशी एक पायरी मिळतेच. घाटांच्या पुढे नदीत घुसलेले बुरूज दिसतात, ते प्रवाहाचा मारा अंगावर घेण्यासाठी आहेत. या बांधकामाचा दगड मुख्यतः चुनारच्या खाणींतील. चुनार हे गाव प्रवाहाच्या वरच्या अंगाला असल्याने दगड नावांतून आणणे सोयीचे होते. पावसाळ्यात घाट पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट तुटते आणि नावा बंद ठेवाव्या लागतात. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचे थर साचलेले असतात, ते पंपाच्या पाण्याने धुऊन काढावे लागतात.

अस्सीच्या पुढे लगेच तुलसीघाट लागतो. रामचरितमानसाचे कर्ते तुलसीदास यांचे या भागात वास्तव्य होते. १६२३ साली येथेच त्यांचे निधन झाले, असे मानतात. त्याला लागून भदैनी. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म या वस्तीत झाला. त्यांचे माहेरचे नाव मणिकर्णिका होते, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. ते नाव कोठून आले, हे नावेत बसल्यावर निराळे सांगावे लागत नाही. पुढे चेतसिंहाचा किल्ला येतो. १७८१ साली वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंहाला येथे नजरकैदेत ठेवले असता तो नदीच्या बाजूने निसटला. किल्ल्याची ती उभी भिंत पाण्यातून पाहिली म्हणजे त्याच्या धाडसाची कल्पना येते. हरिश्चंद्र घाटावर चिता जळत होत्या. केदारघाटावर दक्षिणेकडील यात्रेकरूंची गर्दी होती.

याच्या पुढे मात्र मराठी माणसाने थोडे सावरून बसावे. राजाघाट अमृतराव पेशव्यांचा. मुनशी घाट हा नागपूरकर भोसल्यांच्या पदरी असलेल्या श्रीधर मुनशी यांच्या नावाचा. त्याच्या लगतचा भव्य महाल पुढे दरभंगा संस्थानाचा झाला. त्यानंतर अहिल्याबाई होळकरांचा घाट. काशीविश्वेश्वराचे आजचे मंदिर अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास उभारले; त्याच्या शिखरावर सोन्याचा पत्रा चढविला तो पंजाबच्या महाराज रणजितसिंहांनी. कोठे महेश्वर आणि कोठे लाहोर! दशाश्वमेध घाट पेशव्यांनी आणि मागाहून अहिल्याबाईंनी बांधला, असे सांगतात. पुण्याचे, इंदूरचे, ग्वाल्हेरचे आणि नागपूरचे सत्ताधीश आपापसांत कितीही भांडले असोत, या काठावर ते शेजाऱ्यासारखे एकमेकांना लागून बसलेले आहेत.

दशाश्वमेधाला आम्ही उतरलो. वडिलांनी खालच्या पायरीवर बसूनच स्नान केले. विश्वेश्वराचे दर्शन आदल्या दिवशी चाकांच्या खुर्चीवरून झाले होते. ललिताघाटापासून मंदिरापर्यंत आता प्रशस्त मार्ग झाला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तो खुला झाला. त्यासाठी जुनी घरे आणि गल्ल्या काढाव्या लागल्या, याची हळहळ काशीत अजून ऐकू येते. पण त्यावाचून माझ्या वडिलांना गाभाऱ्यापर्यंत जाता आले नसते, हेही खरे आहे.

नाव पुन्हा प्रवाहाला लागली. मान मंदिराच्या गच्चीवर सवाई जयसिंहाने उभारलेल्या वेधशाळेची दगडी यंत्रे आहेत. तेथून थोड्याच अंतरावर मणिकर्णिकेचा धूर दिसू लागला. वडील त्या बाजूला वळून बसले. "येथे थांबावयाचे नाही काय?" त्यांनी विचारले. "परत येताना," नावाडी म्हणाला, आणि नाव मधल्या धारेला घेतली.

आदिकेशवापर्यंत जाताना आपण माळवीय पुलाखालून जातो. वर रस्ता आणि खाली लोहमार्ग असलेला हा पूल १८८७ साली बांधून झाला. पूर्वी त्याला डफरिनचे नाव होते. १९४८ पासून तो पंडित मदनमोहन माळवीय यांच्या नावाने ओळखला जातो. पुलाच्या पलीकडे गर्दी एकदम ओसरते. वरुणेचा संगम, वर झाडीत केशवाचे देऊळ, आणि पाण्यावर पांढरे पक्षी. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे हे कुरव पक्षी नावांमागे थव्याने उडतात. यात्रेकरू त्यांना शेव टाकतात. शेव त्यांच्या पोटाला मानवते की नाही, याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

येथून नाव फिरली, आणि नावाड्याने यंत्र सुरू केले. काठाशी पाण्याची ओढ कमी असते, म्हणून परतणारी नाव घाटांना चिकटून चालते. जाताना जे चित्रासारखे दुरून पाहिले होते, ते आता हाताच्या अंतरावर आले. कपडे धुणारे धोबी, तालमीतून उतरलेले मल्ल, पाटी-पेन्सिल घेऊन पायरीवर अभ्यास करीत बसलेली मुले. ब्रह्मघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा या भागांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. एका खिडकीतून कोणी बाई मुलाला मराठीत रागावत होती. घरापासून इतक्या दूर ते ऐकून वडिलांना फार बरे वाटले.

पंचगंगेला पाच नद्यांचा संगम मानतात. पण डोळ्यांना एकच दिसते. या घाटाच्या पायरीवर पहाटेच्या अंधारात रामानंदांचा पाय कबिराला लागला आणि कबिराला गुरुमंत्र मिळाला, अशी कथा आहे. बिंदुमाधवाचे जुने देवालय औरंगजेबाने पाडून तेथे मशीद बांधली. देव जवळच्याच दुसऱ्या मंदिरात आहे. मशिदीचे उंच मिनार एके काळी काशीची खूण समजले जात. ते आता उरलेले नाहीत. कार्तिकात येथे उंच बांबूंवर टोपल्यांतून आकाशदिवे टांगतात. एकनाथ महाराजांनी आपल्या भागवताचा ग्रंथ काशीतच १५७३ साली पुरा केला, हेही येथे आठवते. पैठणच्या माणसाने मराठीत लिहिलेला ग्रंथ संस्कृताच्या माहेरघरी पूर्ण व्हावा, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

पंचगंगेनंतर थोड्याच वेळात पाण्यातून उभी राहिल्यासारखी एक दणकट दगडी वास्तू समोर आली. खाली भरभक्कम, निराभास भिंत, वर लहान लहान खिडक्या आणि मधून चढत गेलेल्या उभ्या पायऱ्या. नावाडी म्हणाला, "भोसले घाट." वडील म्हणाले, "नाव लाव."

मी त्यांना समजावून पाहिले. हे तीर्थ पाचांपैकी नव्हे. मणिकर्णिका अजून व्हावयाची आहे. दिवसाची एकच चढण हाती आहे. पण त्यांचा विचार ठरला होता. "तीर्थाला पायरीवर बसून स्नान होते," ते म्हणाले. "हे वर जाऊन पाहिले पाहिजे. हे आपले आहे."

त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. हा घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. त्या काळी वऱ्हाडावर दुहेरी अंमल होता. मुलूख निजामाचा, परंतु वसुलाचा मोठा वाटा भोसल्यांकडे जाई. एकाच गावच्या पाटलाला दोन धन्यांचे कामदार सांभाळावे लागत. ही व्यवस्था १८०३ साली संपली. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगावजवळ इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला मेळघाटाच्या माथ्यावरील गाविलगड घेतला. त्यानंतर दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरील भोसल्यांचा हक्क गेला. तेव्हा हा घाट उभा राहिला, त्या वेळी नागपूरच्या खजिन्यात वऱ्हाडच्या ज्वारी-कापसाचा पैसाही पडत होता. कोणत्या दगडाला कोणत्या परगण्याचा पैसा लागला, हे कोणीही सांगू शकणार नाही. पण जन्मभर सारावसुलीच्या पावत्या फाडलेल्या माणसाला तो पैसा आपल्या गावातून येथवर आलेला स्पष्ट दिसत होता. घाटावर मुधोजींचे आणि रघूजींचे नाव घेणारे पुष्कळ भेटतील. पण सारा भरणाऱ्या कुणब्याचे नाव कोण घेणार, असे ते पायरी चढता चढता पुटपुटले.

चढण लांब नव्हती, पण तिला अर्धा तास लागला. चार पायऱ्या झाल्या की वडील थांबत, भिंतीला हात टेकत आणि दगड निरखून पाहत. वर लक्ष्मीनारायणाचे देऊळ आहे. तेथे गर्दी नव्हती. त्यांनी देवाला नमस्कार केला, मग मागे वळून खालच्या नदीकडे बराच वेळ पाहिले. उतरताना मी आणि नावाडी असे दोघांनी त्यांना धरले.

भोसले घाटाच्या पुढे शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० साली तो मोठ्या थाटाने बांधविला. परंतु बांधकाम इतके अवजड झाले की, खालची जमीन त्याच्या भाराने खचली आणि घाटाचा काही भाग नदीत रुतला. पुढे त्याची पुन्हा बांधणी करावी लागली. त्याच्या शेजारी रत्नेश्वराचे मंदिर एका अंगाला स्पष्ट कललेले आहे आणि वर्षातील बरेच महिने त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. कंकराचा दांडा कितीही घट्ट असला, तरी पुराचे पाणी पायथ्याची माती काढून नेतेच. पाया नदीला विचारून घालावा लागतो, असे नावाडी म्हणाला. त्याला शाळा फारशी लाभली नव्हती. पण कोणत्या घाटापुढे भोवरा आहे आणि कोणत्या महिन्यात वाळूचा उंचवटा कोठे येतो, हे सारे त्याला तोंडपाठ होते. त्याचे मुलगे मात्र नावेवर येत नाहीत. मोठ्या जलयानांत एका वेळी पुष्कळ प्रवासी बसतात, पावसाळ्यात पुरामुळे कमाई बंद होते आणि नावेची डागडुजी तर दरवर्षी करावी लागते, अशी कारणे त्याने सांगितली. त्यात कुरकुर नव्हती. तो हिशेब होता.

मग मणिकर्णिका. लाकडांच्या उंच राशी, त्यांची वजने करणारे तराजू, राखेने काळवंडलेल्या भिंती. येथे रात्रंदिवस चिता पेटलेल्या असतात. पुराच्या दिवसांत पाणी चढले, म्हणजे वरच्या चौथऱ्यांवर आणि गच्चीवर दहन चालते. यंत्र बंद करून नावाड्याने नाव थोडी दूर उभी केली. येथे छायाचित्रे घेऊ नयेत, असा संकेत आहे. तरी शेजारच्या एका नावेतून कोणी ती घेत होते, आणि आमच्या नावाड्याने त्यांना चढ्या आवाजात दटावले. वडील उतरले नाहीत. त्यांनी पिशवीतून नवा तांब्याचा गडू काढला, नावेच्या कडेवरून वाकून स्वतःच्या हाताने तो भरला आणि मांडीवर घट्ट धरून बसले. पाणी थोडे गढूळ होते. "घरी गेल्यावर निवळेल," ते म्हणाले.

गंगेचे पाणी आता पूर्वीसारखे राहिलेले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. काठावरच्या शहरांचे सांडपाणी नदीत येऊ नये यासाठी १९८६ पासून शासनाच्या योजना चालू आहेत. काम पुष्कळ झाले आणि पुष्कळ उरले आहे. मी हे वडिलांजवळ काढले नाही. त्यांना ते ठाऊक नव्हते असेही नाही. ते रोज वर्तमानपत्र वाचतात.

घाटामागच्या गल्लीत गडूचे तोंड झाळून देणारे कारागीर बसतात. लहानशी शेगडी, लोखंडी खिळ्याएवढी डाग देण्याची सळई, कथलाचा तुकडा. दोन मिनिटांत झाकण बसले. कारागिराने गडू उलटा करून दाखविला. थेंबही गळला नाही. वडिलांनी तो कानाशी हालवून पाहिला आणि आत पाणी असल्याची खात्री करून घेतली.

परतीची गाडी पकडून आम्ही तिसऱ्या दिवशी मूर्तिजापूरला उतरलो. तेथून दर्यापूरकडे जाताना पूर्णा ओलांडावी लागते. मोटार पुलावर आली, तेव्हा वडिलांनी काच खाली केली. पात्रात मधोमध पाण्याची एक बारीक धार होती आणि दोन्ही बाजूंना कोरडी रेती. एक मुलगा धारेत उभा राहून म्हैस धूत होता. वडील म्हणाले, "हिच्यात काही नाव चालावयाची नाही." आणि गडू पडू नये म्हणून त्यांनी तो दुसऱ्या हातात घेतला.